बग्गीचा पिकअप: अमळनेरच्या घरच्या कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

बग्गी, म्हणजे पाइपच्या सांगाड्याची घरी बांधलेली छोटी चारचाकी, दिवाळीत बांधून झाली. सव्वा इंची पाइपचा सांगाडा, सीटच्या मागे १५० सीसी पल्सरचं इंजिन (भंगारातल्या गाडीचं, नोंदणी रद्द झाल्याच्या कागदासकट घेतलेलं), ४२८ नंबरची चेन, मागे ४० मिमीचा एकसंध शाफ्ट, तो दोन ब्लॉक बेअरिंगवर. डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं गिअर) नाही, रिव्हर्स नाही. मागे २५ इंची एटीव्ही (खडबडीत जमिनीवरच्या गाडीचे) टायर, पुढे रिक्षाचे. फक्त शेतात आणि बोरी नदीच्या कोरड्या पात्रात चालवतो. रस्त्यावर अशी गाडी चालत नाही, कायद्यानेही नाही. न्यायची झाली तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून न्यायची.

गाडी चालते, वळते, थांबते. पिकअप, म्हणजे थांबलेली गाडी झटकन उठायचा जोर, मात्र नाही. पात्रातल्या रेतीत पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर ओढावी लागते, जळका वास येतो आणि इंजिन दम सोडतं. नदीकाठचा चढ थांबून पुन्हा उठवता येत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी आणि भाचेमंडळी येतात, तोवर हे काम संपवायचं.

ज्याला सांगावं तो एकच सल्ला देतो: बोअर (सिलिंडरचं भोक) मोठा कर, नाहीतर २२० चं इंजिन टाक. पंचवीस-तीस हजारांची गोष्ट. मला ते पटत नाही. हेच इंजिन बाइकवर चांगलं उठतं, मग बग्गीत त्याचा जोर कुठे जातो ते आधी शोधायला हवं. मध्य प्रदेशात पिथमपूरला २००७ पासून इंजिनिअरिंगच्या मुलांची बाहा स्पर्धा व्हायची. तिथे कितीतरी वर्षं सगळ्या टीमना १० हॉर्सपॉवरचं एकाच प्रकारचं इंजिन असायचं आणि ते उघडायला बंदी. तरी एक गाडी चढ चढून जायची आणि दुसरी मध्येच अडकायची. फरक वजनाचा, गिअरिंगचा, टायरचा. म्हणून या कामात इंजिन उघडायचं नाही असं ठरवलंय.

९ फेब्रुवारी

आधी मोजमाप. आकडा नसेल तर पुढे प्रत्येक बदलानंतर "जरा बरी वाटते" एवढंच हातात राहतं.

वजन: गावाजवळच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींचा वजनकाटा आहे. पुढची चाकं काट्यावर घेतली आणि मागची तेवढ्याच उंचीच्या फळीवर, मग उलट. पुढे ९६, मागे १७२, एकूण २६८ किलो. चालवणारा भाचा ६४ किलोचा. म्हणजे ३३२. बाइक चालवणाऱ्यासकट साधारण २१० भरते.

चाकाचा फेरा: टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून, भाच्याला सीटवर बसवून गाडी एक फेरा ढकलली. १.९४ मीटर. शेजारच्या पल्सरचं मागचं चाक तसंच ढकललं, १.९० मीटर. चेनचे स्प्रॉकेट (दातेरी चाकं) बाइकचेच आहेत, पुढे १५ दाते आणि मागे ४४. गिअरिंग बाइकचं आणि ओझं दीडपटीहून जास्त. दुखणं निम्मं इथेच कळलं.

वेळ: दादर (ज्वारी) काढलेल्या शेतात ५० मीटरवर दोन बांबू रोवले. रेतीत २० मीटरवर दोन. स्टॉपवॉचवर विसंबू नका, अंगठ्याचीच पाव-अर्ध्या सेकंदाची चूक होते. मोबाइल तिपाईवर ठेवून व्हिडिओ काढायचा आणि नंतर फ्रेम मोजायच्या. जाताना आणि येताना दोन्हीची सरासरी, कारण शेताला उतार असतोच.

शेत ५० मीटर: ८.३ सेकंद. रेती २० मीटर: ७.६ सेकंद. चढ: थांबून उठत नाही.

१६ फेब्रुवारी

आज पेडल आणि क्लच. सगळ्यांनी सुरुवात इथूनच करावी, कारण खर्च जवळजवळ नाही.

ॲक्सिलरेटरचं पेडल पूर्ण दाबून भाच्याला बसवलं आणि मी कार्बोरेटरपाशी बघितलं. हा बीएस २९ जातीचा कार्बोरेटर आहे. फिल्टरच्या बाजूने पाहिलं तर आतली स्लाइड आडवी येते आणि बटरफ्लाय (हवेची झडप) किती उघडला ते दिसत नाही. म्हणून बाहेर केबलची चकती तिच्या स्टॉपला टेकते का ते बघायचं. टेकत नव्हती, बरंच अंतर शिल्लक होतं. पेडल फळीला लागलं तरी इंजिनला पूर्ण थ्रॉटल मिळतच नव्हता. पेडलच्या दांडीला केबलचं भोक टेकूपासून २० मिमी लांब नवं पाडलं. आता चकती स्टॉपला टेकते. पेडलखाली मात्र एक बोल्ट उभा लावा, नाहीतर जोशात दाबलेल्या पायाचा सगळा ताण केबलवर येऊन ती तुटते.

क्लचचंही तसंच. बाइकवर क्लच हाताच्या लिव्हरला असतो, आपण तो पायाच्या पेडलला जोडतो. त्या लोखंडी पेडलचं वजनच केबल किंचित ओढून धरतं आणि क्लच कायम अर्धवट सुटलेला राहतो. जळक्या वासाचं कारण हेच. साइड स्टँडची जुनी स्प्रिंग लावून पेडल मागे ओढून घेतलं आणि केबलला २-३ मिमी ढिलाई ठेवली.

प्लेटा उघडल्या तर काळ्या पडलेल्या. शिवाय तेल घट्ट आणि वेगळ्याच वासाचं. इंजिन जिथून तयार करून आणलं तिथे ट्रॅक्टरचं तेल भरलेलं होतं. बाइकचा क्लच तेलात बुडालेला असतो. चारचाकीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यांनी प्लेटा घसरतात. बाटलीवर जेएएसओ एमए (तेलात बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचा दर्जा) लिहिलेलं २० डब्ल्यू ५० तेलच घ्या. नव्या प्लेटा भरण्याआधी ताज्या तेलात रात्रभर भिजवून ठेवल्या.

प्लेटांचा सेट ७८० रुपये, तेल ३९०.

शेत ७.९ सेकंद. रेतीत अजून तीच रड.

२३ फेब्रुवारी

टायरची हवा. मागच्या टायरमध्ये २५ पीएसआय होती, कारण पंक्चरवाला सगळ्यांना तेवढीच भरतो. या रुंद टायरना एवढी हवा नको. गाडी हलकी आणि टायर मोठा, त्यामुळे टायर दगडासारखा टणक राहतो, रेतीत खड्डा करतो आणि त्याच खड्ड्यात फिरत बसतो.

पंक्चरवाल्याचं मीटर १० च्या खाली नीट दाखवत नाही. कमी दाबाचं वेगळं मीटर मागवलं, २५० रुपये. ५ पीएसआयवर रेतीत गाडी अशी निघाली की भाचा ओरडलाच, "आते उठनी!" (आता उठली!) पण थोड्याच वेळात उजव्या चाकाची हवा फुस्स. इतक्या कमी हवेत टायर रिमवर घसरतो, आतली ट्यूब सोबत ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. ट्यूब ३५० रुपये. ८ पीएसआयवर टायर रिमला धरून राहतो. आता प्रत्येक वेळी टायर आणि रिम दोघांवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली तर टायर सरकतोय.

शेत ८.० सेकंद, कडक जमिनीवर मऊ टायर किंचित जड जातो. रेती ७.६ वरून ५.९. एवढ्या कमी पैशात एवढा फरक पुढच्या कुठल्याच कामात मिळेल असं वाटत नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

पुढचं स्प्रॉकेट १५ ऐवजी १४ दात्यांचं लावलं. १९० रुपये, अर्ध्या तासाचं काम. शेत ७.७. चढावर थांबून उठली, पण हाफ क्लच बराच वेळ धरावा लागला.

१३ दात्यांचंही एकाने दाखवलं. घेतलं नाही. पुढचं चाक जितकं लहान तितकी चेन जास्त मोडून वळते आणि लवकर झिजते. शिवाय माझ्या गाडीत चेन खाली येऊन मागच्या आर्मच्या पाइपला घासली असती. पुढे १४ ठेवून बाकीचा फरक मागे करायचा.

२ मार्च

हिशेब मांडला. १५ ला ४४, म्हणजे मागचे दाते भागिले पुढचे, २.९३. बाइकइतकाच जोर दर किलोमागे हवा तर हा आकडा दीडपट, साधारण ४.४ लागतो. १४ ला ६० केलं तर ४.२९ येतं. म्हणून मागे ६० दाते.

एवढं मोठं स्प्रॉकेट तयार मिळत नाही, कापूनच घ्यावं लागतं. कॉम्प्युटरवर आकृती काढून जळगावच्या एमआयडीसीत लेझर कटिंगवाल्याकडे दिली. पत्रा ईएन-८ (कडक करता येणारं पोलाद), साधा एमएस (मऊ लोखंड) नको. साध्या लोखंडाचे दाते रेतीत काही आठवड्यांत आकड्यासारखे वाकतात. मधल्या बोल्टची भोकं जुन्या ४४ च्या स्प्रॉकेटवरून व्हर्नियरने मोजून घेतली.

९ मार्च

स्प्रॉकेट आलं आणि चेन त्यावर बसेना. पत्रा ८ मिमी जाड. ४२८ चेनच्या दोन पट्ट्यांमधली आतली जागा ५/१६ इंच, म्हणजे ७.९ मिमी. पट्टी दात्याच्या अंगावर चढून बसत होती. आकृतीत जाडी लिहिलेली होती, पण त्या जाडीचा पत्रा दुकानात नव्हता म्हणून जवळचा कापून दिला गेला. ही गोष्ट फोनवर आधी विचारून घ्या, कापून झाल्यावर उपयोग नाही.

गावातल्या लेथवाल्या आप्पांकडे नेलं. त्यांनी दोन्ही बाजूंनी फेसिंग करून (लेथवर अंग कापून) जाडी ७.२ वर आणली आणि दात्यांच्या टोकांना दोन्हीकडून थोडा उतार दिला. तो उतार महत्त्वाचा आहे, चेन जराशी तिरकी आली तरी तो तिला दात्यावर वाट दाखवतो. मग दात्यांना इंडक्शन हार्डनिंग, म्हणजे विजेने तापवून कडक करणं. सगळं मिळून २,३०० रुपये आणि कामाचा आठवडा वाया.

चेन ८५० रुपयांची नवीन, १३० कड्यांची घेतली. जुन्या ४४ ला ११८ कड्या लागत होत्या, ६० ला १२६. कड्या सम संख्येतच ठेवा. अर्ध्या कडीचा जोड देऊन भागतं, पण चेन तिथेच कमजोर होते.

१६ मार्च

धुळवडीनंतर जोडणी. वेल्डर दादाने बघितल्याबरोबर विचारलं, "इतलं मोठं चक्कर कसाले भाऊ?" त्याचा प्रश्न बरोबर होता, ते पुढे कळेल.

पहिल्या फेरीत चेन उडाली. सुतळी ताणून पाहिलं तर मागचं स्प्रॉकेट पुढच्यापेक्षा ६ मिमी बाहेर. हब आणि स्प्रॉकेटच्या मध्ये जुन्या वॉशर तशाच राहिल्या होत्या. सुतळी मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट अंगाला दोन ठिकाणी टेकवून पुढे न्यायची. पुढच्या स्प्रॉकेटलाही ती तशीच टेकली पाहिजे. डोळ्याने बघून सरळ वाटतं, असत नाही.

चेनच्या जोडकडीची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते तिकडे हवं. उलट बसली तर दगड किंवा पऱ्हाटीचा खुंट लागून ती निघून जाते. आणि चेन चालवणाऱ्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर पळते, म्हणून ३ मिमी पत्र्याचं गार्ड आजच लावलं. गार्डशिवाय कुणीही गाडी चालवायची नाही. चेन तुटून कुणाच्या मानेला लागली तर पुढे काही उरत नाही.

२३ मार्च

६० चं स्प्रॉकेट काढलं.

रेतीत ५.० सेकंद, उत्तम. चढावर थांबून सहज उठली. पण शेतात ७.५, म्हणजे आधीच्या ७.७ पेक्षा जेमतेम बरं. व्हिडिओ पाहिला तेव्हा कारण दिसलं. पहिला गिअर सुरू होतो न होतो तोच संपतो, दुसराही लगेच संपतो, तिसऱ्यात जावं लागतं. प्रत्येक गिअर बदलताना अर्ध्या सेकंदाच्या आसपास इंजिन मोकळं घुमतं आणि तेवढ्यात गाडी मंदावते. गिअरिंग वाढवून मिळालेला जोर गिअर बदलण्यात खर्च होतो. कागदावरचा ४.२९ आकडा बरोबर होता, फक्त त्या हिशेबात पाय आणि क्लच धरलेले नव्हते.

दुसरं कारण जास्त गंभीर. ६० दात्यांच्या स्प्रॉकेटचा व्यास २४ सेंटीमीटरच्या वर जातो. ८ पीएसआयवर टायर दबलेला असतो, त्यामुळे स्प्रॉकेटच्या खाली फार जागा राहत नाही. पात्रातल्या गोट्याने दोन दाते ठेचले. दादाचा प्रश्न याच्यासाठी होता.

५२ दात्यांचं नवं कापायला दिलं. १४ ला ५२ म्हणजे ३.७१. व्यास २१ सेंटीमीटर. या वेळी पत्रा कापण्याआधी व्हर्नियरने मोजून घेतला. हार्डनिंगसकट १,७०० रुपये. चेन १२२ कड्यांवर कापली.

३ एप्रिल

५२ लागलं. शेत ६.९, रेती ५.१, चढ थांबून उठते. पहिल्या गिअरला आता पुरेसा पल्ला आहे, ५० मीटरमध्ये एकदाच बदलावा लागतो. टॉप स्पीड पाचव्या हिश्श्याने कमी झाला. शेतात चौथ्या गिअरच्या पुढे आम्ही कधी गेलोच नव्हतो, म्हणून त्याचं काही गेलं नाही.

१४/५२ हेच या गाडीला बसतं. तुमचा टायर वेगळा असेल तर हा आकडा तसाच उचलू नका. चाकाचा फेरा मोजा आणि मागचे दाते त्याच प्रमाणात धरा. टायर २२ इंची असेल तर ४६ दात्यांच्या आसपास हाच परिणाम येईल.

६ एप्रिल

सायलेन्सर. मोकळ्या जाळीचा, १,६०० रुपयांचा आणून लावला. आवाज मोठा झाला आणि ऐकणाऱ्याला गाडी जास्त पळते असं वाटतं. फ्रेम मोजल्या: ७.२. आधी ६.९ होती. खालच्या आरपीएमला (कमी फेऱ्यांवर) इंजिन ढिलं पडलं, कार्बोरेटरला मिसिंग येऊ लागलं. १२० रुपयांचा एक नंबर मोठा मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलच्या भोकाची नळी) टाकला, मिसिंग कमी झालं, वेळ ७.१. त्याहून मोठा आणखी १२० चा टाकला तर प्लग काळा.

जुना सायलेन्सर आणि जुना जेट परत लावला, पुन्हा ६.९. या गाडीला जोर हवा तो उठताना, खालच्या आरपीएमला. मोकळ्या सायलेन्सरचा काही फायदा असलाच तर तो वर, इंजिन किंचाळतं तिथे. शिवाय रात्री गावात तो आवाज म्हाताऱ्या माणसांना झोपू देत नाही. ज्यांनी तो लावायचं ठरवलंय त्यांनी आधी माझ्यासारखा व्हिडिओ काढून बघा, कानावर जाऊ नका.

१३ एप्रिल

वजन उतरवलं. सांगाड्याच्या एकाही पाइपला हात लावलेला नाही. गाडी उलटली तर तोच सांगाडा माणसाला वाचवतो, तिथे किलो वाचवायचे नसतात. बेल्ट, सीट, हेल्मेट, सगळं आहे तसंच.

खालचा फरशीचा पत्रा २ मिमी एमएसचा, सव्वा चौरस मीटरच्या आत, साधारण १९ किलो. त्या जागी त्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा, साडेसहा किलो, २,१५० रुपये. रिव्हेट मारताना ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी टाकली, नाहीतर ओल लागली की तिथे दोन्ही धातू खात जातात. पुढचा दोन इंची पाइपचा बंपर काढून हलका लावला, ११ किलो गेले. मागचं अँगलचं कॅरिअर पूर्ण काढलं, ९ किलो. जुनं लोखंड भंगारात ९०० रुपयांना गेलं.

गाडी आता २३६ किलो. शेत ६.६, रेती ४.९.

एक धोका निघाला. बंपर गेल्याने पुढचं अंग हलकं झालं आणि चढावर क्लच झटक्यात सोडला की पुढची चाकं उचलू लागली. उचललेल्या चाकांनी गाडी वळत नाही. बॅटरी सीटच्या मागून काढून पायांच्या पुढे नेली. आता चाकं टेकून राहतात. वजन कमी करताना पुढचं आणि मागचं वेगवेगळं मोजत राहा, एकूण आकडा पुरेसा नाही.

२० एप्रिल

उन्हाचं काम. दुपारी पारा चाळिशीच्या वर आहे. सकाळी ६.६ येणारी गाडी दुपारी दहा मिनिटं चालवल्यावर ७ च्या वर जाते. बाइकवर या इंजिनाला समोरून वारा लागतो. इथे ते सीटच्या पाठीमागे दडलेलं, वारा पोहोचतच नाही.

आधी मारुतीच्या रेडिएटरचा जुना पंखा एका मेकॅनिककडून उसना आणून लावला. इंजिन थंड राहिलं, पण बाइकची छोटी बॅटरी आणि तिचं चार्जिंग त्या पंख्याला पुरत नाही. संध्याकाळी सेल्फ लागेना. पंखा परत केला. जीआय पत्र्याचे दोन तिरके पाखे सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना लावले, ते बाहेरचा वारा वळवून सिलिंडरच्या पंखांवर (बाहेरच्या पातळ पट्ट्यांवर) आणतात. वेग असताना चांगलं काम करतात, हळू चालवताना कमी. वेळ आता गरम इंजिनवर ६.७.

धूळ हे दुसरं दुखणं. मागची चाकं उडवतात ती सगळी धूळ इंजिनकडे येते. फिल्टर उघडला तर आतपर्यंत पिठासारखी बारीक माती. गुदमरलेल्या फिल्टरने पिकअप जातो, आणि ती माती आत गेली तर पिस्टन-रिंग खाते. फिल्टर बॉक्सचं तोंड रबरी पाइपने वर, छताच्या आडव्या पाइपपर्यंत नेलं आणि टोकाला तेलात बुडवून पिळलेला फोम बांधला. पाइप आतल्या बाजूने गुळगुळीत आणि कार्बोरेटरच्या तोंडापेक्षा मोठा घ्या, बारीक पाइपने इंजिनाचा श्वास कोंडतो. फोम दर वेळी पेट्रोलमध्ये धुतो. पाखे, पाइप, फोम मिळून ४५० रुपये.

२७ एप्रिल

आखाजी बुधवारी आहे. बहिणी उद्यापासून येतील.

आजचे आकडे, सकाळी, भाचा सीटवर, ८ पीएसआय: शेत ६.५, रेती ४.९, चढ थांबून पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लच लगेच सोडून. सुरुवातीला ८.३ आणि ७.६ होते. इंजिनाचं हेड, बोअर, पिस्टन, काहीही उघडलेलं नाही.

खर्च ११,२५० रुपये, त्यातून भंगाराचे ९०० वजा. यातले ६० चं स्प्रॉकेट आणि सायलेन्सर मिळून ३,९०० रुपये वाया. ही दोन कामं टाळली आणि बाकीची केली तर सात हजारांच्या आसपास भागतं. हात आखडता घ्यायचा असेल तर पेडलची केबल, क्लचची स्प्रिंग आणि टायरची हवा एवढंच आधी करा, त्यानेच गाडी ओळखू येणार नाही.

राहिलेलं काम चेनचं. रेती चेनला फार लवकर खाते. जास्त तेल घातलं की रेती तिलाच चिकटते, म्हणून चालवून झाल्यावर रॉकेलने पुसून, हलकं तेल लावून, जादा तेल पुन्हा फडक्याने काढतो. झीज मोजायला चेन ताणून वीस कड्यांचं अंतर घ्यायचं, पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत. नवीन ४२८ चेनचं ते २५४ मिमी असतं. आज २५५ भरलं. २५९ झालं की चेन आणि पुढचं १४ चं स्प्रॉकेट दोन्ही एकदम बदलणार.